सव्वीस दीडचा टायर

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की या माणसाला सरळ रस्त्यानं चालता येत नाही. पाय धड आहेत. पण कुठं सायकल उभी दिसली की मी थांबतो, वाकतो, टायरवरचा आकडा वाचतो आणि रिमची कड अंगठ्यानं दाबत एक फेरी पुरी करतो. लग्नाला गेलो तर मांडवात शिरायच्या आधी बाहेरची सायकलींची रांग बघून घेतो. एकदा गड्ड्याच्या जत्रेत सायकल स्टँडवर असाच वाकलेलो असताना स्टँडवाल्यानं मागून कॉलर धरली.

"काय रं, कुटली न्ह्यायची हाय?"

"न्यायची नाही बाबा, टायर बघतोय," मी म्हणालो.

"म्हंजी टायर तेवढा न्हेणार व्हय?"

झालं, चार माणसं गोळा झाली. गिरणीतला एक ओळखीचा कामगार मधे पडला म्हणून चौकीवर जायची वेळ टळली. बायको सोबत होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "आता पुरे करा हे." रागानं नाही म्हणाली. तिला कारण माहीत होतं. त्या दुपारी ती माझ्या सायकलच्या दुकानातच बसली होती.

त्या दुपारविषयी लिहायचं तर आधी थोडं मापाविषयी लिहावं लागेल. कंटाळा येणार नाही एवढंच लिहितो.

सायकलच्या टायरवर आकडे छापलेले असतात आणि लोक त्यातला पहिलाच वाचतात. अठ्ठावीस, नाहीतर सव्वीस. सगळा घोळ तिथंच होतो. सव्वीसचे टायर तेव्हा दोन जातींचे यायचे. एकावर सव्वीस आणि दीड इंच, दुसऱ्यावर सव्वीस आणि एक इंच तीन सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणजे बघायला गेलं तर दोघांत एका सुताचा फरक, आणि तोसुद्धा जाडीचा. माणूस म्हणणारच, जरा बारीक बसवला तर कुठं आभाळ कोसळतंय? पण दोघांच्या रिमा वेगळ्या असतात, आणि त्याही उलट्या. जो टायर बारीक, त्याचाच घेर मोठा. दीडच्या रिमभोवती दोरा गुंडाळून गाठ मारा आणि तोच दोरा तीन सुताच्या रिमवर लावून बघा, बोटभर कमी पडेल. त्या बोटभर फरकामुळं तीन सुताचा टायर दीडच्या रिमवर नुसत्या हातानं चढतो. लोखंडी पट्टी घालून उचकटायला लागत नाही, घाम येत नाही, नवशिका खूश होतो. मग हवा भरली की टायरच्या कडेतली तार रिम सोडून वर येते, त्या फटीतून ट्यूब बाहेर डोकावते आणि फुटते.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद विजापूर वेशीतले. पहिल्याच आठवड्यात एक टायर मी झटक्यात चढवला आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोक्यात टपली मारली. "जो टायर हातां से चढ जाता, वो हातां से उतर बी जाता," म्हणाले आणि तो टायर उतरवून माझ्यासमोर टाकला. तेव्हापासून मी बसवण्याआधी दोऱ्यानं रिम मापायला लागलो. पुढं सोलापूरच्या पूर्व भागात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा तो दोरा माझ्या गळ्यातच असायचा. लोक चेष्टेनं विचारायचे, कोणत्या देवाचा गंडा आहे हा?

पूर्व भाग म्हणजे मागवाल्यांची वस्ती. घराघरात चादरीचे माग, दिवसभर खटखट. पाहुणा आला की तासाभरात कपाळ धरून बसायचा आणि आम्हाला मात्र ती खटखट थांबली की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. माझं दुकान एका कडुलिंबाखाली, पुढं एक बाकडं, मागं पत्र्याची खोली. गिऱ्हाईक मागावरचं आणि गिरणीतलं. गिरणीचा भोंगा झाला की सुटलेल्या पाळीच्या सायकली लोंढ्यानं यायच्या.

तर टायर सैल बसण्यावर आमच्या भागानं स्वतःची एक तोड काढली होती. चादर मागावरून उतरली की तिची कडेची जाड पट्टी कापून टाकतात. त्या काठांचे ढीग घरोघर पडलेले असत, कुणालाही फुकट. बायका त्यानं गाठोडी बांधायच्या, पोरं त्याचे चाबूक करायची, आणि सायकलवाले ती पट्टी रिममध्ये गुंडाळायचे. दोन वेढे ओढून आवळले की रिमचा तळ वर येतो, बोटभर घेर भरून निघतो आणि सैल टायर गच्च बसतो. आसपासच्या सगळ्या दुकानांत हे चालायचं. आणि खरं सांगायचं तर कोरड्या रस्त्यावर ते दोन-चार महिने टिकायचंही. मी करत नव्हतो. कुणी म्हटलं, "मिस्त्री, काठ घालून बसवा की," तर मी म्हणायचो, चादर माणसानं पांघरायची असते, चाकानं नाही. फार शहाणा होतो मी त्या काळी.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. जवळच्या प्रसूतिगृहात एक नर्सबाई होत्या. दुपारनंतर त्या आमच्या वस्तीत घरोघरी बाळंतपणाला जायच्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि मागं कॅरिअरला कातडी पिशवी. बाईंची सायकल गल्लीत शिरली की दारादारातून बायका विचारायच्या, "कुनाकडं वो बाई?" सायकल जुनी होती, कुणा मडमेकडून त्यांच्याकडं आलेली, आणि तिच्या रिमा दीडच्या.

एका सोमवारी सकाळी त्या दुकानात आल्या. मागचा टायर पार विरला होता, आतला धागा दिसत होता.

"मिस्त्री, आज काहीतरी कराच. रोज पंक्चर होतेय. एखाद्या दिवशी मी कुणाच्या तरी दारात वेळेवर पोचायची नाही," त्या म्हणाल्या.

दुकानात सव्वीस दीडचा टायर एकच होता, वर खिळ्याला टांगलेला. त्या दिवसांत ते माप लवकर मिळत नव्हतं, तीन आठवडे वाट बघून तो आला होता. पण मी तो गिरणीतल्या एका जॉबरसाठी ठेवला होता, त्याच्या मुलीच्या सायकलला. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. बदली कामगार म्हणून कुणाला आत घ्यायचं ते त्याच्या हातात असायचं. माझा मेहुणा वर्षभर रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राहून रिकाम्या हातानं परत येत होता. जॉबरनं कधी काही कबूल केलं नव्हतं. हा टायर दिला की मेहुण्याचं काम होईल, हे माझं मीच ठरवलं होतं.

बाईंनी वर बघितलं. "तो टांगलेला आहे, तो बसेल का?"

"तो दुसऱ्या मापाचा आहे, बाई," मी म्हणालो.

मापाच्या बाबतीत मी त्याआधी कधी खोटं बोललो नव्हतो. इतर बाबतीत बोललो असेन, दुकानदार आहे, उद्या देतो म्हणून परवा दिलं असेल. पण माप म्हणजे मला देवासारखं होतं. आणि तेच खोटं तोंडातून इतकं अलगद निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. मग मी तीन सुताचा टायर काढला. शेजारच्या घरातून चादरीचा काठ मागून आणला आणि दोन वेढे ओढून रिममध्ये घातला. काम सुरेख केलं. टायर इतका चापून बसला की हात फिरवताना माझं मलाच कौतुक वाटलं.

"चार दिवस चालवा. तोवर तुमच्या मापाचा येईल," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि सायकलवर बसून गेल्या.

गुरुवारी दुपारी बायको डबा घेऊन आली होती. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. आम्ही जेवत असताना वीज गेली आणि वस्तीतले सगळे माग एकदम थांबले. एरवी दहा हातांवरचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं कडुलिंबाचा पाला वाजलेला ऐकू येऊ लागला. त्या शांततेत दोन गल्ल्या पलीकडून फट्ट असा आवाज आला. ट्यूब फुटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो.

"आलं बघ गिऱ्हाईक," मी म्हणालो आणि हसलो. बायकोही हसली. सायकलवाल्याच्या कानाला तो आवाज गोडच लागतो, त्यात मी काही जगावेगळं केलं नव्हतं. मी चटणीवर तेल घेतलं, निवांत जेवलो आणि हात धुऊन वाट बघत बसलो. कुणी आलं नाही. तासाभरानं वीज आली, माग सुरू झाले आणि मी ते विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सायकल हातानं ओढत आल्या. उजवं मनगट सुजून पट्टीत बांधलेलं होतं. बाकड्यावर बसल्या. मी चाक काढलं, टायर उतरवला. लोखंडी पट्ट्यांची गरज पडली नाही, हातानंच आला. आतला काठ एका बाजूला सरकून गोळा झाला होता आणि लालभडक होता. मी घातला तेव्हा तो पांढरा होता.

पलीकडच्या गल्लीत सूत रंगवायचा कारखाना होता आणि त्याचं पाणी गटार तुंबलं की रस्त्यावर यायचं. कधी लाल, कधी हिरवं. बाईंचा रोजचा रस्ता त्या पाण्यातून जायचा. तीन दिवस ते पाणी आत मुरलं, काठ भिजून घसरला आणि टायर पुन्हा होता तेवढा सैल झाला. बाई कुठून जातात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कितीदा तरी त्यांची चाकं मीच धुतली होती, रंगाचे ओघळ पुसले होते.

मी स्टुलावर चढून खिळ्यावरचा टायर काढला. जॉबर, मेहुणा, काही डोक्यात आलं नाही. पट्ट्या घालून, गुडघा लावून, घाम गाळून तो दीडच्या रिमवर चढवला. खरा टायर असाच चढतो, शेवटच्या वीतभर कडेला जीव खातो. बाई बघत होत्या. चाक फिरवून मी बाजूला झालो तेव्हा त्यांनी वाकून टायरवरचा आकडा वाचला, मग वरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं.

"हा दुसऱ्या मापाचा होता ना, मिस्त्री?"

मी जमिनीवरच्या पट्ट्या गोळा करायला लागलो. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"काल मला अर्धा तास उशीर झाला," त्या म्हणाल्या. पुढं काही बोलणार होत्या, पण थांबल्या. मीही विचारलं नाही की कशाला उशीर झाला. विचारायला हवं होतं. सायकल घेऊन त्या गेल्या आणि पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. हवा भरायलासुद्धा त्या चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायच्या.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं, की वस्तीतला एक माग बंद आहे. शंभर मागांच्या गलक्यात एक गप्प आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण आम्हाला कळतं. चार दिवस तो बंद होता. पाचव्या दिवशी त्या मागाचा मालक सायकल घेऊन माझ्याकडं हवा भरायला आला. नेहमीचा माणूस, चादरींचा गठ्ठा कॅरिअरला लावून बाजारात जाणारा. घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. हसरा होता. त्या दिवशी हसला नाही. मी सहज विचारलं, "माग बंद होता का हो?"

"पोरगा झालता," तो म्हणाला. "पायाळू. पाय आदी आले. बाई येळंवर आल्या असत्या तर काय तरी केलं असतं म्हन्त्यात. पन वाटंत त्यांचा टायर फुटला. पडल्या बी. तसल्या सुजल्या हातानं, चालत आल्या वो बाई. बायकोला वाचीवलं माज्या. पोराचं न्हाय झालं."

माझ्या हातात पंप होता. मी मारत राहिलो.

"कुनी बशिवला आसंल तसला टायर?" तो म्हणाला. "बाईंला इचारलं, तर म्हनल्या, जाऊ दे."

मी पंप मारत राहिलो. शेवटी त्यानंच माझ्या हातावर हात ठेवला. "बास की अन्ना. आता ह्यो बी फुटंल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी, हे मला पक्कं आठवतं. पण तेवढ्यात मागून दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मग मागवाला सायकलवर टांग टाकून गेला. गिऱ्हाईक आलं नसतं तरी सांगितलं नसतं. स्वतःला फसवायचं तरी किती?

महिन्याभरानं जॉबर आला. मी चाचरत सांगितलं की टायर दुसऱ्याला द्यावा लागला. तो म्हणाला, "बरं केलंस. पोरगी मामाकडं शिकायला गेली. तसलं काय अडलं नव्हतं." पुढच्या पंधरवड्यात मेहुण्याला बदली काम मिळालं. टायरचा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता. मेहुणा पेढे घेऊन आला आणि माझ्या पाया पडला, आणि मला तो पेढा गिळता येईना. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि उठून पाणी आणून दिलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. रात्री स्मशानाच्या रस्त्यानं सायकल हाणलेला माणूस आहे. पण त्यानंतर वीज जायची आणि माग थांबायचे, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. शांतता पसरली की मी हातातलं काम सोडून बसायचो आणि कान द्यायचो. आवाज यायचा नाही. न आलेला आवाजच मला ऐकू यायचा, हे कुणाला सांगून पटणार नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मलाही येतो. त्यानंतर आम्ही वीज गेल्यावर एकमेकांशी मुद्दाम मोठ्यानं बोलायचो. मीठ कमी आहे का, पाऊस पडेल का, असं काहीही.

आणि ते पोर वाढत होतं. मी त्याला बघितलं नव्हतं, कुणीच फारसं बघितलं नव्हतं, पण माझ्या दुकानात ते वाढत होतं. मी पोरांना लहान सायकली तासावर भाड्यानं द्यायचो. सुट्टीत त्यांची रांग लागायची. त्या रांगेत माझी नजर अमुक एका उंचीवर जायची. पहिली दोन-तीन वर्षं काही नाही. मग वाटायचं, आता तो बापाच्या दांड्यावर बसून आला असता. मग वाटायचं, आता अर्ध्या सायकलीला हात लावायला लागला असता, मी ओरडलो असतो. एका उन्हाळ्यात एका पोराला मी सायकल दिली आणि वही उघडून वेळ लिहायला लागलो, तर पुढं कुणीच नव्हतं. बायको म्हणाली, ऊन लागलं तुम्हाला. असेल, लागलं असेल.

बाईंची पुढं बदली झाली. जाताना त्या वस्तीत सगळ्यांना भेटल्या, दुकानावरून गेल्या तेव्हा थांबल्या नाहीत. मी उठून उभा राहिलो होतो.

मागवाला मात्र येत राहिला. आठवड्यातून दोनदा. मी दुसऱ्या कुणाला त्याच्या सायकलला हात लावू द्यायचो नाही. स्पोक आवळायचो, रिम मापायचो, टायर दाबून बघायचो. तो बाकड्यावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "लई मनापासनं काम करता बगा तुमी. सोलापुरात असा मिस्त्री न्हाय." हळूहळू तो पुन्हा हसायला लागला. मागावरच्या गोष्टी सांगायचा, व्यापाऱ्यांच्या नकला करायचा. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी त्याचं ते हसणं बघून गप्प बसायचो. भित्रेपणाला मी दया असं नाव दिलं होतं, म्हणून तो इतकी वर्षं खपला.

असं दशक सरत आलं. टायरची टंचाई कधीच मिटली होती. माझ्या भिंतीवर दोन्ही मापं टांगलेली असत आणि कुणासाठी राखून ठेवणं मी बंद केलं होतं. एका सकाळी त्या मागवाल्याची बायको आली. ती याआधी दुकानात कधी आली नव्हती. सोबत तिची थोरली मुलगी होती. ते पोर गेलं त्या वेळी चार-पाच वर्षांची असेल, आता हायस्कूलला जाऊ लागली होती. शाळा लांब, म्हणून बापानं कुणाकडून तरी वापरलेली लेडीज सायकल घेऊन दिली होती.

"अन्ना, मागलं चाक डुलतंय बगा," ती म्हणाली. "हिचे बाबा म्हनले, तुमच्याकडंच न्ह्या म्हनून."

मी चाक काढलं. टायर वाचला, तीन सुताचा. गळ्यातला दोरा काढून रिमभोवती धरला. रिम दीडची. टायर उतरवला आणि आत चादरीचा काठ होता, निळा-पिवळा, दोन वेढे, नीट आवळलेला. कुणीतरी फार सुरेख काम केलं होतं.

मी तो काठ ओढून काढला आणि भिंतीवरचा दीडचा टायर घेतला. ती म्हणाली, "टायर तर नवा हाय की त्यो. काठ घालून परत बशिवा, समदेच बशीवत्यात."

"नाही, अक्का."

"का न्हाय?"

मुलगी बाहेर कडुलिंबाखाली मैत्रिणीशी बोलत उभी होती. मी आत बघितलं. माझी बायको पत्र्याच्या खोलीत होती, तिनं मान हलवली. सांगा म्हणून की नको म्हणून, ते आजही कळलेलं नाही. मी सांगितलं. बाईंचा टायर मीच बसवला होता. खरा टायर वर टांगलेला होता. दुसऱ्या मापाचा आहे असं मी खोटं बोललो होतो, मेहुण्याच्या नोकरीसाठी. सगळं सांगितलं. तो आवाज ऐकून मी हसलो होतो, तेवढं मात्र सांगता आलं नाही. ते इथं पहिल्यांदाच लिहितोय.

तिनं काठाचा तो गोळा उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "मला बी आलता त्यो आवाज. लाईट गेलती, माग बंद व्हते. मी म्हनलं, कुनाच्या तरी लग्नाचा फटाका."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"माफ केलं, आसं मी म्हननार न्हाय," ती म्हणाली.

"नका म्हणू, अक्का."

"आनि ह्यांला सांगायचं न्हाय. आज बी न्हाय, कदी बी न्हाय. त्या दिसापासनं घरात हसत न्हाईत त्ये. मागावर बसत्यात, जेवत्यात, झोपत्यात. हितनं हवा भरून आलं की मला सांगत्यात, आज मिस्त्रीला आसं बोललो, आन तसं हसलो. हितं येऊनच हसत्यात त्ये." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तेवढं काडून घेऊ नगा."

मी मान हलवली. ज्याला मला सांगायचं होतं, त्यालाच आता मरेपर्यंत सांगता येणार नव्हतं.

"बशिवा आता," ती म्हणाली.

मी टायर बसवला. पट्टी दोनदा निसटली, बोट सोलून निघालं. शेवटची वीतभर कड चढेना. चढली. ट्यूब, हवा, सगळं केलं आणि बाजूला झालो. ती पुढं आली, खाली बसली आणि अंगठ्यानं रिमची कड दाबत दाबत पूर्ण फेरी मारली. चादरीची वीण तपासतात तशी. मग दुसऱ्या बाजूनं मारली. काही सापडलं नाही. सापडण्यासारखं नव्हतंच.

मुलगी धावत आली आणि सायकलवर टांग टाकायला लागली.

"चढू नगंस," आई म्हणाली. "हातात धरून चल."

"अम्मा, नीट केलंय की त्यांनी!"

"हातात धर म्हनलं न्हवं?"

मुलगी कुरकुरत सायकल ढकलत निघाली. आई मागच्या चाकावर नजर ठेवून तिच्या मागोमाग चालत गेली. गल्लीच्या वळणापर्यंत मी बघत होतो, मुलगी एकदाही सायकलवर बसली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर मागवाला आला. सायकल कडुलिंबाला टेकवून बाकड्यावर बसला आणि पाय पसरले.

"पोरीचं चाक तुमीच बशिवलं म्हनं," तो म्हणाला. "आता काळजी न्हाय बगा." आणि तो माझ्याकडं बघून मोकळेपणानं हसला.